नवरा पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह: हे माझ्या जनुकांमुळे असेल का?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल. लग्नाला सहा वर्षं झाली. हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासलं तेव्हा तुमच्या नवऱ्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. या सहा वर्षांत तुम्ही कंडोम वापरला नव्हता, तुम्हाला चार वर्षांची मुलगी आहे, आणि तरीही तुमच्या तीनही तपासण्या निगेटिव्ह आल्या. काही माणसांना जन्मतःच हा संसर्ग होऊ शकत नाही, त्यांच्या जनुकांतच तसं असतं, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलं. मी त्यांतली आहे का, त्यासाठी कुठली तपासणी करायची, मुलीतही ते उतरलं असेल का, असं तुम्ही विचारता. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: तसं असेल तर आता कंडोमची गरज उरते का?

मला वाटतं, खरा प्रश्न तो शेवटचाच आहे. म्हणून त्याचं उत्तर आधी देते. गरज आहे. नवऱ्याचे उपचार सुरू होऊन त्याच्या रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली जाईपर्यंत आणि तिथे टिकेपर्यंत संरक्षण सोडू नका. तुमच्या जनुकांबद्दल काहीही कळलं, तरी हे उत्तर बदलणार नाही. का बदलणार नाही, ते आता सविस्तर सांगते, कारण 'डॉक्टर सांगतात म्हणून' एवढ्यावर सहा वर्षांचा अनुभव बाजूला ठेवणं कुणालाही जड जाईल.

जोडीदारांपैकी एकाला संसर्ग आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडपी मी अनेक वर्षं बघते आहे. ती अपवाद नसतात. तरीही जवळजवळ प्रत्येक जोडप्याला वाटतं की आपल्या बाबतीत काहीतरी अघटित घडलंय. यामागे एक पक्का समज असतो: पॉझिटिव्ह माणसाशी संबंध आला की लागण झालीच. प्रत्यक्षात शरीरसंबंधातून एचआयव्ही बराच अवघडपणे पसरतो. पुरुष बाधित असेल, उपचार सुरू नसतील आणि कंडोम नसेल, तर योनिमार्गातल्या एका संबंधात स्त्रीला लागण होण्याची शक्यता सरासरी १०,०००त ८ धरली जाते. गुदमैथुनात, ज्याच्या शरीरात लिंगप्रवेश होतो त्याच्यासाठी ती १०,०००त १३८ च्या आसपास आहे. बाधित रक्त चढवलं गेलं तर मात्र १०,०००त ९,००० हून अधिक. मार्ग बदलला की धोका किती बदलतो, ते यातून दिसेल.

आता पहिला आकडा घेऊन तुमची सहा वर्षं मोजू. वर्षाला साधारण १०० संबंध धरले तर सहा वर्षांत ६०० होतात. प्रत्येक वेळी १०,०००त ८ एवढी शक्यता धरली, तर ६०० संबंधांनंतरही १०० पैकी सुमारे ६२ स्त्रिया निगेटिव्हच असतील. त्यासाठी त्यांच्या जनुकांत काहीही वेगळं असावं लागत नाही. म्हणजे नवरा लग्नाच्या पहिल्या दिवसापासून बाधित होता असं मानलं, तरी तुमचं निगेटिव्ह असणं हीच जास्त शक्य असलेली गोष्ट ठरते.

हा हिशोब कागदावरचा आहे, पण प्रत्यक्षातही चित्र असंच दिसलं आहे. युगांडातल्या राकाई जिल्ह्यात, उपचार उपलब्ध नसतानाच्या काळात, एक बाधित आणि एक निरोगी अशा ४१५ जोडप्यांवर जास्तीत जास्त ३० महिने लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या ९० निरोगी जोडीदारांना लागण झाली. उरलेले निगेटिव्ह राहिले, म्हणजे पाचांतले जवळपास चार. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सगळ्यांत मोठा फरक जोडीदाराच्या रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा दिसला. ज्यांचा व्हायरल लोड, म्हणजे हेच प्रमाण, मिलिलिटरमागे १,५०० च्या खाली होता, त्यांच्याकडून एकालाही लागण झाली नाही.

सरासरीच्या आत खूप काही दडलेलं असतं, हेही सांगायला हवं. तुमच्या बाबतीत नेमका धोका किती होता ते मला इथून ठरवता येणार नाही, कारण तो बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्यांतल्या काही तुम्ही लिहिलेल्या नाहीत. नवऱ्याला संसर्ग केव्हा झाला? सहा वर्षांपूर्वी की सहा महिन्यांपूर्वी? त्याचा सीडी४, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा आकडा, किती आहे आणि व्हायरल लोड किती? सीडी४ खूप खाली असेल तर संसर्ग जुना असण्याची शक्यता वाढते, चांगला असेल तर तो अलीकडचाही असू शकतो. संसर्ग अलीकडचा असेल तर 'सहा वर्षं धोक्यात राहूनही मला काही झालं नाही' हे गृहीतकच ढासळतं. शिवाय लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत विषाणूचं प्रमाण प्रचंड असतं आणि तेव्हा धोका सरासरीच्या कितीतरी पट असतो. दोघांपैकी कुणालाही जननेंद्रियांवर जखम किंवा नागीण असेल तरी तो वाढतो. हे सगळं जनुकांच्या बाहेरचं आहे, आणि बहुतेक जोडप्यांमध्ये कुणाला लागण होते, कुणाला नाही, याचा निकाल यावरच लागतो.

आता जनुकांकडे येते. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते खोटं नाही, फक्त अर्धवट आहे.

एचआयव्ही पांढऱ्या पेशींत शिरतो तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या सीडी४ नावाच्या प्रथिनाला चिकटून. हे १९८४ सालीच कळलं होतं. पण नुसत्या सीडी४ वर भागत नाही, विषाणूला आणखी काहीतरी लागतं, हेही लक्षात आलं होतं. ते दुसरं प्रथिन सापडायला १९९६ उजाडलं. त्याचं नाव सीसीआर५. शरीरात जिथे दाह असेल तिकडे पेशींना बोलावणारे काही रासायनिक संदेश असतात, ते ओळखणं हे या प्रथिनाचं मूळ काम. विषाणू त्याचाच आधार घेऊन आत शिरतो. दुसऱ्या माणसाकडून येणारा विषाणू जवळजवळ नेहमी सीसीआर५ वापरणाराच असतो. आजाराच्या पुढच्या टप्प्यात काही रुग्णांमध्ये सीएक्ससीआर४ हे दुसरं प्रथिन वापरणारे विषाणूही तयार होतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच सुमाराला संशोधक अशा लोकांचं रक्त तपासत होते, जे वारंवार धोक्यात येऊनही निगेटिव्ह राहिले होते. अमेरिकेतले स्टीव्ह क्रोन हे त्यांतलं सर्वांत माहितीचं नाव. त्यांचा जोडीदार आणि अनेक मित्र एड्सने गेले, त्यांना स्वतःला मात्र काही झालं नाही, आणि याचं कारण शोधावं म्हणून ते स्वतःहून संशोधकांकडे गेले. प्रयोगशाळेत त्यांच्या पेशींवर भरपूर विषाणू सोडूनही त्या बाधित होईनात. १९९६ मध्ये उत्तर मिळालं: त्यांच्या सीसीआर५ जनुकात ३२ अक्षरांचा तुकडा गायब होता. या बदलाला डेल्टा ३२ म्हणतात. तो तुकडा नसल्यामुळे प्रथिन अर्धवट बनतं आणि पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. विषाणूला धरायला काही उरत नाही.

पण हे संरक्षण मिळण्यासाठी एक अट आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींत डेल्टा ३२ असेल तरच पृष्ठभागावर सीसीआर५ अजिबात उरत नाही. एकाच प्रतीत असेल तर पेशीवर ते कमी असतं, पण असतं. अशा माणसांना लागण होतेच. उपचार नसण्याच्या काळात त्यांचा आजार सरासरी दोनेक वर्षं उशिरा बळावायचा, एवढाच त्यांचा फायदा. 'माझ्यात ते जनुक आहे' हे वाक्य ऐकलं की मी म्हणूनच आधी विचारते, एक प्रत की दोन?

उत्तर युरोपातून आलेल्या लोकांमध्ये शंभरातल्या साधारण एकाकडे दोन्ही प्रती बदललेल्या असतात आणि दहातल्या एकाकडे किंवा त्याहून थोड्या अधिक जणांकडे एक प्रत असते. दक्षिण युरोपात हे प्रमाण कमी होतं. आफ्रिकेत, पूर्व आशियात आणि मूळ अमेरिकी लोकांमध्ये हा बदल जवळजवळ नाहीच. दक्षिण आशियातही तो फार विरळ आहे. समजा, एखाद्या समाजात सीसीआर५ च्या शंभर प्रतींमागे एक प्रत डेल्टा ३२ ची आहे. मग दोन्ही प्रती तशाच असलेला माणूस दहा हजारांत एक निघेल. जवळच्या नात्यात लग्नं होत असतील तर प्रमाण थोडं वर जाईल, पण तरी ते नगण्यच. आता ही दहा हजारांतली एक शक्यता आणि वर मोजलेली शंभरातली ६२ ही शक्यता शेजारी ठेवून बघा. तुमच्या तीन निगेटिव्ह रिपोर्टांचं स्पष्टीकरण कुठे शोधायचं, ते आपोआप कळेल.

दोन्ही प्रती असणाऱ्यांनाही अभेद्य कवच मिळालेलं नसतं. सीएक्ससीआर४ वापरणाऱ्या विषाणूचा त्यांना संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. विरळ आहेत, पण खऱ्या आहेत. सीसीआर५ नसल्याची किंमतही असते. डासांमार्फत पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूचा संसर्ग झाला, तर अशा लोकांमध्ये तो गंभीर रूप घेण्याची शक्यता जास्त असते. स्पेन आणि इटलीत पसरलेल्या एका मोठ्या कुटुंबाची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. त्यांच्यात टीएनपीओ३ नावाच्या जनुकातला बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यांच्या पेशी प्रयोगशाळेत एचआयव्हीला दाद देत नाहीत, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्याच बदलामुळे त्या कुटुंबातल्या लोकांचे खांद्याचे आणि मांड्यांचे स्नायू हळूहळू झिजत जातात. 'प्रतिकारक जनुक' म्हणताना आपल्या मनात वरदान येतं, आणि तिथेच गल्लत होते.

यापुढचा भाग सगळ्यांत जास्त गोंधळाचा आहे, म्हणून जरा रेंगाळते. लागण होणं किंवा न होणं ही एक गोष्ट आणि लागण झाल्यावर आजार किती वेगाने वाढतो ही दुसरी. बातम्यांमध्ये दोन्हींना सरसकट 'एचआयव्हीला प्रतिकार' म्हणतात. आनुवंशिक फरकांचा जो मोठा आणि पक्का पुरावा आहे, तो बहुतेक सगळा दुसऱ्या गोष्टीबद्दलचा आहे.

त्यात मुख्य नाव एचएलए जनुकांचं. पेशीच्या आत काय चाललंय त्याचे छोटे तुकडे पृष्ठभागावर आणून मांडायचे, म्हणजे मारक पेशींना बाधित पेशी ओळखता येतात, हे एचएलए प्रथिनांचं काम. ती माणसागणिक वेगळी असतात, म्हणून अवयवदात्याशी ती जुळवावी लागतात. एचएलए-बी ५७ आणि एचएलए-बी २७ हे प्रकार ज्यांच्याकडे असतात, त्यांच्यात विषाणूचे असे तुकडे मांडले जातात, जे बदलणं विषाणूला महागात पडतं. त्याने रूप बदलून निसटायचा प्रयत्न केला तर त्याची स्वतःचीच वाढ मंदावते. अशा रुग्णांमध्ये उपचारांविनाही व्हायरल लोड कमी राहू शकतो. उलट एचएलए-बी ३५ चे काही उपप्रकार असणाऱ्यांचा आजार वेगाने वाढतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात विषाणू आपोआप आटोक्यात ठेवणाऱ्यांचा संपूर्ण जनुकसंच चाळला गेला. जो ठळक फरक दिसला तो एचएलए-बी प्रथिनाच्या खोबणीतल्या मोजक्या जागांवर येऊन ठेपला, जिथे विषाणूचा तो तुकडा धरला जातो.

पण एचएलए-बी ५७ असलेल्या माणसाला लागण होते. त्याची तपासणी पॉझिटिव्ह येते. तो 'विषाणूला आटोक्यात ठेवणारा' ठरतो, 'विषाणू न लागणारा' नव्हे. आणि तसा प्रकार असूनही आजार वाढलेले रुग्ण मी पाहिले आहेत, कारण त्याने मिळते ती शक्यता, हमी मिळत नाही. उपचार नसताना वेगवेगळ्या माणसांत विषाणूचं प्रमाण वेगवेगळं का राहतं, या फरकातला जेमतेम पाव वाटा माणसाच्या जनुकांनी समजावता येतो. त्यातही मोठा भाग एचएलए आणि सीसीआर५ यांच्या परिसराचा. उरलेला तीनचतुर्थांश भाग विषाणूचा स्वतःचा प्रकार, वय, लिंग, इतर संसर्ग अशा गोष्टींत विखुरलेला आहे.

मग लागण न होण्यासाठी सीसीआर५ सोडून दुसरं काही सापडलंय का? शोध खूप झाला. एखादा फरक सापडल्याची मोठी बातमी यायची आणि पुढच्या अभ्यासांत ती टिकायची नाही, असं वारंवार घडलं. सीसीएल३एल१ जनुकाच्या जास्त प्रती असतील तर संरक्षण मिळतं असं २००५ मध्ये मांडलं गेलं, पुढे त्यावर वाद झाला. लाल पेशींवरच्या डफी प्रथिनाबद्दल २००८ मध्ये आलेला दावाही इतर अभ्यासांत टिकला नाही. २०१३ मध्ये युरोपीय वंशाच्या ६,३३४ बाधित आणि ७,२४७ अबाधित लोकांचे जनुकसंच शेजारी ठेवून तुलना झाली. लागण होण्या न होण्याशी ठामपणे जोडता आला तो एकच फरक: डेल्टा ३२. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांचा अभ्यासही तिथेच येऊन थांबला. ऐंशीच्या दशकात दूषित रक्तघटक टोचले जाऊनही त्यांतले काही निगेटिव्ह राहिले होते. त्यांच्यात डेल्टा ३२ च्या दोन्ही प्रती असणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, दुसरं ठोस काही हाती लागलं नाही. रक्तगटाबद्दलही मला नेहमी विचारलं जातं, म्हणून सांगते: रक्तगटाच्या भरवशावर धोका पत्करावा असं त्यात काही नाही.

२०२३ मध्ये आफ्रिकी वंशाच्या बाधितांमध्ये सीएचडी१एल जनुकाजवळचे काही फरक कमी व्हायरल लोडशी जोडलेले आढळले. तेही पुन्हा लागण झाल्यानंतरच्या प्रवासाबद्दल आहे. मला ते महत्त्वाचं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. जगातले बहुतेक बाधित लोक ज्या वंशांतले आहेत, त्यांचे जनुकसंच फार कमी तपासले गेलेत. युरोपीय लोकांमध्ये सापडलं नाही म्हणजे अस्तित्वातच नाही, असं मी म्हणणार नाही. पण जे सापडलेलं नाही त्याच्या आधारावर मी तुम्हाला सल्लाही देऊ शकत नाही.

'मला होत नाही' असं मनात पक्कं बसलेल्या प्रत्येकाला मी केनियातल्या नैरोबीचा अनुभव सांगते. तिथल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचा अभ्यास ऐंशीच्या दशकात सुरू झाला. त्यांतल्या काही जणी, सतत धोक्यात असूनही, वर्षानुवर्षं निगेटिव्ह राहिल्या. डेल्टा ३२ हे त्याचं कारण नव्हतं. त्यांच्यात विषाणूविरुद्ध तयार झालेल्या मारक पेशी आढळल्या, आणि सगळ्यांना वाटलं की हे टिकाऊ संरक्षण आहे. नंतर त्यांतल्या काहींना लागण झाली. लक्षात आलेली गोष्ट अशी की व्यवसायातून काही काळ बाहेर राहिलेल्या किंवा तो कमी केलेल्या स्त्रियांमध्ये असं जास्त घडलं. संरक्षण होतं, पण ते जन्मभराचं नव्हतं. तुमची सहा वर्षं मी याच नजरेने बघते. गेलेल्या काळाबद्दल ती काहीतरी सांगतात, पुढच्या महिन्याबद्दल नाही.

अस्थिमज्जा बदलून एचआयव्हीतून बरं झालेल्या माणसाबद्दलही तुम्ही वाचलं असेल. ते बर्लिन रुग्ण म्हणून ओळखले जाणारे टिमोथी ब्राउन. त्यांना रक्ताचा कर्करोग होता. २००७ आणि २००८ मध्ये, डेल्टा ३२ च्या दोन्ही प्रती असलेल्या दात्याच्या पेशी त्यांना दिल्या गेल्या आणि त्यांच्या शरीरातून एचआयव्ही नाहीसा झाला. २०२० मध्ये ते गेले, ते उलटलेल्या कर्करोगामुळे. त्यानंतर असे आणखी मोजके रुग्ण झाले, पण प्रत्यारोपण प्रत्येकाचं झालं ते रक्ताच्या जीवघेण्या आजारासाठी. रोजच्या गोळ्यांवर निरोगी राहू शकणाऱ्या माणसावर, ज्यात जीव जाऊ शकतो असा उपचार करायचा नसतो. तुमच्या नवऱ्यासाठी हा विचार मनातून काढून टाका.

तपासणीचं बोलू. सीसीआर५ डेल्टा ३२ साठी रक्ताची किंवा लाळेची तपासणी असते आणि ती फार अवघड नसते. मी ती तुमच्यासाठी लिहून देणार नाही. समजा, करून घेतलीत आणि दोन्ही प्रती साध्या निघाल्या, जे जवळजवळ नक्की आहे, तर तुम्ही काय कराल? संरक्षण वापराल. एक प्रत बदललेली निघाली तर? संरक्षणच वापराल. अगदी दोन्ही निघाल्या तरी सीएक्ससीआर४ वापरणाऱ्या विषाणूमुळे मी सल्ला बदलणार नाही. ज्या तपासणीच्या तीनही निकालांनंतर एकच गोष्ट करायची, तिच्यावर पैसे आणि मनःस्वास्थ्य कशाला घालवायचं? मला भीती वाटते ती अर्धवट वाचलेल्या रिपोर्टची. 'डेल्टा ३२ आढळला' एवढंच वाचून एक प्रत असलेल्या माणसाने निर्धास्त व्हावं, याच्याइतकं वाईट काही नाही.

जनुकांची एक तपासणी मात्र मी आवर्जून करते, आणि ती बाधित रुग्णाची असते. अबाकाविर हे औषध सुरू करण्याआधी एचएलए-बी ५७:०१ बघायचं. तो प्रकार असलेल्यांपैकी अनेकांना या औषधाची ताप, पुरळ, श्वासाचा त्रास अशी जीवघेणी ठरू शकणारी प्रतिक्रिया येते. २००८ मध्ये मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं की आधी तपासून त्यांना हे औषध टाळलं, तर ही प्रतिक्रिया जवळजवळ नाहीशी होते. विषाणूला आवरायला मदत करणाऱ्या प्रकारांच्याच कुटुंबातला हा प्रकार औषधाच्या बाबतीत असा घात करतो. तुमच्या नवऱ्याच्या औषधांत अबाकाविर असेल तर ही तपासणी झाली आहे का, हे त्याच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

इथवरचं दोन वाक्यांत: लागण रोखणारा एकच आनुवंशिक बदल पक्का सिद्ध झालाय, तो तुमच्यात असण्याची शक्यता नगण्य आहे आणि तुमच्या निगेटिव्ह असण्यासाठी तो लागतही नाही. बाकीचे बहुतेक जनुकीय फरक लागण झाल्यानंतरच्या आजाराबद्दलचे आहेत.

आता तुमच्या हातात काय आहे ते. पहिलं, नवऱ्याचे उपचार लगेच सुरू करा, सीडी४ कितीही असो. जनुकांपेक्षा कितीतरी खात्रीचं संरक्षण तुम्हाला त्याच्या गोळ्या देतील. एका जोडीदाराला संसर्ग असलेल्या १,७६३ जोडप्यांवर झालेल्या अभ्यासात २०११ मध्ये दिसलं की उपचार लवकर सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात, बाधित जोडीदाराचा व्हायरल लोड २०० च्या खाली असताना कंडोमशिवाय आलेल्या सुमारे ५८,००० संबंधांचा हिशोब ठेवला गेला. बाधित जोडीदाराकडून झालेली लागण: शून्य. म्हणजे कंडोम जन्मभर लागेलच असं नाही. गोळ्या नियमित चालू आहेत, व्हायरल लोड मोजता न येण्याइतका खाली गेलाय आणि निदान सहा महिने तसाच टिकलाय, हे रिपोर्टवर दिसलं की त्याच्या डॉक्टरांशी बोलून दोघांनी मिळून ठरवता येईल. दुसरं मूल हवं असेल तर त्याचाही मार्ग हाच.

तोवर कंडोम वापरा, आणि तुमच्यासाठी प्रेपच्या गोळ्या, म्हणजे निगेटिव्ह माणसाने लागण टाळण्यासाठी आधीपासून घ्यायच्या गोळ्या, योग्य आहेत का ते विचारून घ्या. कंडोम फाटला किंवा राहून गेला तर ७२ तासांच्या आत पेप, म्हणजे धोका घडून गेल्यावर लागण रोखण्यासाठी घ्यायचं औषध, सुरू करावं लागतं आणि ते २८ दिवस घ्यावं लागतं. जितक्या लवकर, तितकं चांगलं. यासाठी सकाळ उजाडायची वाट बघू नका.

मुलीबद्दल. तुमच्यात डेल्टा ३२ नसेल तर तुमच्याकडून तो तिच्यात जाण्याचा प्रश्नच येत नाही, आणि असला तरी दोन्ही प्रतींसाठी तो तिच्या वडिलांकडूनही यावा लागेल. वडील बाधित आहेत म्हणजे त्यांच्याकडे दोन्ही प्रती बदललेल्या असण्याची शक्यता जवळजवळ नाही. तिच्या संसर्गाची काळजी असेल, तर ती तुमच्या रिपोर्टशी जोडलेली आहे. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना मुलाला संसर्ग होतो तो आईकडून. आईला संसर्ग नसेल तर या मार्गाने मुलाला होऊच शकत नाही. वडिलांनी कडेवर घेतल्याने, एका ताटात जेवल्याने, पापा घेतल्याने होत नाही. वडिलांना मुलीपासून दूर ठेवत असाल तर आजपासून ते थांबवा.

हे सगळं ज्या एका गोष्टीवर उभं आहे, ती म्हणजे तुमचे तीन रिपोर्ट, आणि त्यांच्या तारखा तुम्ही दिलेल्या नाहीत. नव्या संसर्गात तपासणी पॉझिटिव्ह यायला वेळ लागतो. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची तपासणी (अँटिबॉडीबरोबर विषाणूचं प्रथिनही शोधणारी) असेल तर साधारण ४५ दिवस, नुसती अँटिबॉडी तपासणी असेल तर तीन महिने. नवऱ्याचा रिपोर्ट कळायच्या आधीच्या आठवड्यातही असुरक्षित संबंध आला असेल आणि तुमच्या तीनही तपासण्या त्यानंतरच्या महिन्याभरात झाल्या असतील, तर त्या लग्नापासूनच्या काळाबद्दल दिलासा देतात, त्या शेवटच्या आठवड्यांबद्दल नाही. शेवटचा असुरक्षित संबंध कधी आला, तिसरी तपासणी कुठल्या तारखेला झाली आणि ती कुठल्या प्रकारची होती, एवढं कळवा. चौथी तपासणी करायची का आणि केव्हा, ते मग नेमकं सांगता येईल.